तिवराच्या बदल्यात तिवर

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार तिवरं, म्हणजे खाडीकाठची खारफुटीची झाडं, तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२२ रोजी परवानगी दिली. मूळ आकडा ५३ हजारांच्या वर होता. आराखड्यात फेरफार करून तो खाली आणला गेला, आणि तोडू त्याच्या पाचपट झाडं लावू अशी हमी प्रकल्पाकडून मिळाली. या गाडीची बारा स्थानकं आहेत, त्यांतलं एक आपल्या बडोद्याचं. बडोद्याच्या मराठी घरांत या गाडीबद्दल बोलणं चालतं ते बहुतेक ‘सकाळी निघायचं, लग्न आटपून रात्री घरी’ या थाटाचं. त्यात गैर काही नाही. रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर अंग आखडून मुंबईहून परत आलेल्या कुणालाही बुलेट ट्रेन हवीशी वाटेल, मलाही वाटते.

माझं भांडण पाचपटीशी आहे. ‘एकाच्या बदल्यात पाच’ हे ऐकायला इतकं सढळ वाटतं की त्यावर प्रश्न विचारणाराच कद्रू ठरतो. तरी विचारायला हवं: पाच कसले, आणि कुठे? आणि तिवरांच्या पुढे पाण्याखाली वाढणाऱ्या समुद्री गवताचं काय?

रस्त्याकडेचा कडुनिंब तोडून दुसरीकडे पाच कडुनिंब लावले तर वीस वर्षांनी कुणाला तरी सावली मिळते. तिवराचं तसं होत नाही, कारण त्याचं मोल झाडात थोडं आणि ते जिथे उभं आहे त्या चिखलात जास्त असतं. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला आपल्यातले बरेच जण जाऊन आले असतील. जंबुसर तालुक्यात, मही नदी जिथे खंभातच्या आखातात शिरते तिथे. भरतीत देऊळ पाण्याखाली जातं, ओहोटीत पिंड मोकळी होते. लोक हात जोडतात, व्हिडिओ काढतात आणि परत फिरतात. त्या तालुक्याच्या किनाऱ्यावर जागोजागी तिवरांचे पट्टे आहेत, तिकडे सहसा कुणी वळत नाही. वळून, पाय घोट्यापर्यंत रुतू देऊन, थोडा वेळ उभं राहिलं तर बरंच काही दिसतं. चिखलातून पेन्सिलीएवढ्या जाडीची मुळं सरळ वर आलेली असतात. खाली प्राणवायू नसतो म्हणून झाड त्यांच्यातून श्वास घेतं. पान उन्हात तिरकं धरलं की त्यावर मिठाचे कण चमकतात; मुळांतून आत आलेलं जास्तीचं मीठ झाडाने तिथून बाहेर टाकलेलं असतं. चाटून बघा, खारट लागतं. गळून पडलेलं पान खेकडा फरफटत बिळात नेतो. निवटी, जिला इथले लोक लेवटा म्हणतात, चिखलावरून सरपटत जाते आणि चाहूल लागताच बिळात बुडी मारते. आणि सडक्या अंड्यासारखा एक वास येत राहतो.

त्या वासातच अर्धी गोष्ट आहे. चिखलात प्राणवायू नसल्यामुळे तिथे गाडलेली पानं, मुळं पूर्ण कुजत नाहीत. त्यांच्यातला कार्बन शतकानुशतकं तसाच पडून राहतो. २०११ साली हिंदी-प्रशांत महासागर पट्ट्यातल्या २५ तिवरवनांची मोजणी प्रसिद्ध झाली. तिथे हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन निघाला, आणि त्यातला बहुतांश जमिनीखाली. आपली कोरड्या हवेतली बुटकी तिवरं तेवढी श्रीमंत नसणार हे उघड आहे. पण मुद्दा प्रमाणाचा आहे: झाड तोडलं, जमीन उकरली, तर जे हवेत जातं ते झाडापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि दुसऱ्या जिल्ह्यात रोवलेलं वीतभर रोप ते परत आणू शकत नाही.

आता समुद्री गवताकडे येऊ. त्यासाठी मात्र खंभातचं आखात सोडावं लागतं. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांहून जास्त. पाणी सदा गढूळ. तळाशी ऊन पोचतच नाही, मग गवत कुठून उगवणार? ते पाहायचं तर कच्छच्या आखातात, जामनगरजवळच्या पिरोटन बेटासारख्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी जायचं. इथे बडोदेकरांनी एक जुनी गोष्ट आठवावी. आज बडोद्याला समुद्र नाही, पण गायकवाडी राज्याला होता. द्वारका, बेट द्वारका आणि ओखा असलेला ओखामंडळ प्रांत बडोद्याचा होता, आणि तो याच आखाताच्या तोंडाशी आहे. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून ओखामंडळाच्या समुद्रातल्या जीवांची पाहणी करून घेतली. तिचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये छापून निघाला. मोती, शंख यांतून उत्पन्न किती होईल हा हेतू होताच. तरीही, समुद्रातून काही घ्यायचं तर आधी तिथे काय आहे ते मोजावं, एवढं शहाणपण त्या दरबाराला होतं.

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. ती खरीखुरी फुलझाडं आहेत: मुळं आहेत, आडवी खोडं आहेत, फुलं येतात आणि परागीभवन पाण्याखाली होतं. जगभरात त्यांच्या जेमतेम ७० जाती. कच्छच्या आखातात हॅलोफिला, हॅलोड्यूल यांसारख्या बारीक पानांच्या जाती आढळतात. उथळ पाण्यात हे गवत गाळ धरून ठेवतं, पाणी निवळतं, लाटेचा जोर मोडतं. त्याच्या आडोशाला कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात. डुगाँग, म्हणजे ज्याला समुद्री गाय म्हणतात तो प्राणी, रोज तीस-चाळीस किलो गवत खातो. कच्छचं आखात, तामिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबार एवढ्याच ठिकाणी आपल्याकडे तो उरला आहे. इंडोनेशियातल्या बेटांजवळ केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे गवताची कुरणं होती तिथल्या पाण्यात रोगकारक जिवाणूंचं प्रमाण निम्म्यावर होतं आणि शेजारची प्रवाळंही कमी आजारी होती. सांडपाणी समुद्रात सोडणाऱ्या देशाने हा निष्कर्ष दोनदा वाचावा. २००९ साली जागतिक आकडे एकत्र केले गेले तेव्हा दिसलं की, १८७९ पासून ज्यांच्या नोंदी आहेत त्या कुरणांपैकी २९ टक्के क्षेत्र नाहीसं झालं आहे, आणि १९९० नंतर नष्ट होण्याचा वेग वाढला आहे.

तिवरं आणि गवत यांची चर्चा वेगवेगळ्या कप्प्यांत होते, ही मला खरी अडचण वाटते. किनाऱ्यावर ती एकमेकांच्या आधाराने उभी असतात. नदीनाल्यांतून येणारा गाळ तिवरं अडवतात, म्हणून पुढचं पाणी निवळ राहतं आणि गवताला ऊन मिळतं. त्याच्या पुढची प्रवाळं आणि गवत लाट मोडतात, म्हणून मागच्या चिखलात तिवराच्या बीला मूळ धरायला उसंत मिळते. मासे वयाप्रमाणे या तिन्ही घरांत राहतात. कॅरिबियन समुद्रात २००४ साली हे आकड्यांत मांडलं गेलं: जवळ तिवरं असलेल्या प्रवाळांवर काही माशांचं वजन दुपटीहून अधिक भरलं. कच्छच्या आखातात ही तिन्ही घरं शेजारी शेजारी आहेत. तिथे १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं ते काही उगाच नाही. यातला एक दुवा तोडून त्याची भरपाई शंभर किलोमीटरवर कशी करणार? तिथे कदाचित तिवर उगवेलही. पण त्याच्या पुढे गवत नसेल, मागे गाव नसेल.

मागे गाव असणं ही लहान गोष्ट नाही. २९ ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या शेकडो गावांचा अभ्यास सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये तिवरांचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी. याच अभ्यासाने हेही स्पष्ट सांगितलं की सरकारने वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने तिवरांपेक्षा जास्त जीव वाचवले. पर्यावरणवाले हे दुसरं वाक्य बहुधा गाळतात. गाळू नये, पहिलं वाक्य त्याने दुबळं होत नाही. आपल्या राज्यात ९ जून १९९८ चं वादळ कांडल्यावर आदळलं तेव्हा हजाराहून अधिक माणसं गेली. त्यांत मिठागरांवर, उघड्या सपाटीवर काम करणारे मजूर फार होते.

आता गुजरातच्या बाजूचं जे आहे ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. १९८७ च्या वन अहवालात राज्यात ४२७ चौरस किलोमीटर तिवरवन होतं. २०२३ च्या अहवालात ते १,१६४ चौरस किलोमीटर आहे. पश्चिम बंगालनंतर देशात दुसरा नंबर. महाराष्ट्र या यादीत बराच मागे आहे, हे इथल्या पाव्हण्यारावळ्यांना अधूनमधून ऐकवायला हरकत नाही. वनखातं, किनाऱ्यावरची गावं, आणि ज्याचं ऑफिस बरीच वर्षं आपल्या रेसकोर्स रोडला होतं ते गुजरात इकॉलॉजी कमिशन, या सगळ्यांनी खरंच घाम गाळला. चिखलाचे छोटे उंचवटे करून त्यांत बी टोचायची पद्धत इथलीच. तिचं नावही घरगुती, ओटला.

पण त्याच सरकारी अहवालाचा पुढचा रकाना वाचा. २०२१ च्या अहवालात गुजरातच्या १,१७५ चौरस किलोमीटरपैकी १,००६ ‘विरळ’ वर्गात आहेत, १६९ ‘मध्यम दाट’, आणि ‘अति दाट’ या रकान्यात शून्य. २०२३ च्या अहवालाने, आधीचे आकडे सुधारून घेऊन, राज्यात ३६ चौरस किलोमीटरची घट दाखवली, ती देशात सर्वांत मोठी. बहुतेक ठिकाणी एकच जात, ॲव्हिसेनिया मरिना, म्हणजे आपलं तिवर, कच्छी-गुजरातीतला चेर. म्हणजे लावलं भरपूर, जंगल व्हायला अजून वेळ आहे. तो लागणारच, दोष कुणाचा नाही. दोष आहे तो या विरळ नव्या पट्ट्याला जुन्या, दाट, खाडीच्या कुशीतल्या वनाच्या भारोभार मोजण्यात.

आणि लावलेलं जगतंच असंही नाही. त्सुनामीनंतर श्रीलंकेत २३ ठिकाणी केलेल्या लागवडींची पुढे तपासणी झाली, तर त्यांपैकी नऊ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं. फिलिपिन्समध्ये कित्येक लागवडींत दहा-वीस टक्केच रोपं टिकली. जागा चुकली हे मुख्य कारण. तिवराला भरतीचं पाणी हवं, पण सतत बुडून राहणं सोसत नाही. त्याची उंचीची पट्टी अरुंद असते. त्या पट्टीतली जमीन कुणाच्या तरी मालकीची किंवा तळ्यांखाली असते, म्हणून रोपं लावली जातात ती खालच्या मोकळ्या चिखलात. फिलिपिन्समध्ये तर ती चक्क समुद्री गवताच्या कुरणांत रोवली गेली. तिवरं मेली आणि गवतही तुडवलं गेलं. संख्येचं लक्ष्य ठरलं की असं होतं: आकडा पुरा करायचा असतो, आणि गवत कुणाच्या रकान्यात नसतं.

उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. तामिळनाडूत पिचावरमला जुन्या तोडीमुळे जमीन खचून खळगे झाले होते, त्यांत पाणी साचून खारटपणा वाढला होता, झाडं मरत होती. १९९० च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने आणि वनखात्याने तिथे माशाच्या काट्यासारखे चर खणले. भरतीचं पाणी आत-बाहेर खेळू लागलं, मग तिवरं धरली. आधी पाणी, मग झाड. कांडल्याच्या बाजूला याचीच उलटी बाजू दिसली: मिठागरांच्या बांधांनी खाड्यांची तोंडं बंद झाली आणि आतली तिवरं सुकली. ती तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे नेली कच्छच्या उंटपाळांनी. त्यांचे खाराई उंट, ज्यांना २०१५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, पोहत बेटांवर जाऊन चेर खातात. २०१९ मध्ये लवादाने अडथळे हटवून वन पूर्ववत करायला सांगितलं. एक झाडही न तोडता जंगल मारता येतं. झाडं मोजणारा कायदा ते पाहू शकत नाही.

आपला कायदा झाडं किंवा फार तर क्षेत्र मोजतो. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत तिवरं, प्रवाळ आणि समुद्री गवत तिन्ही सर्वांत कडक वर्गात आहेत, हे चांगलंच. पण अपवाद म्हणून रस्ता न्यायची मुभा आहे, आणि जितकं तिवरक्षेत्र जाईल त्याच्या किमान तिप्पट लावा, असं कलम आहे. गवतासाठी असं तिप्पट-पाचपटही नाही. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरने उठवलेल्या गढूळपणाखाली कुरण गुदमरलं तर त्याचा पंचनामा कोण करणार? वर पाणी तर तसंच निळं दिसतं. गंमत अशी की १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी निसर्गाच्या सेवांची किंमत लावली तेव्हा समुद्री गवत-शेवाळाची कुरणं हेक्टरी वर्षाला १९,००४ डॉलर आणि तिवरं-खाजणं ९,९९० डॉलर अशी आली होती. असल्या किमतींवर माझा फारसा विश्वास नाही. वादळ कोणत्या वर्षी येतं त्यावर किंमत बदलते. पण ज्यांचा असल्या आकड्यांवर विश्वास आहे त्यांनी तरी गवताला निम्म्या किमतीत काढू नये.

प्रकल्पवाले म्हणतील, मग काहीच बांधायचं नाही का? बांधा. पण क्रम बदला. आधी वळसा शोधा; बुलेट ट्रेनचा आकडा ५३ हजारांवरून २२ हजारांवर आला तो लागवडीने नव्हे, आराखडा बदलून, आणि या सगळ्या प्रकरणातली खरी बचत तीच. जे टाळता येत नाही त्याची भरपाई त्याच खाडीत, बंद झालेलं पाणी मोकळं करून करावी. रोपं किती लावली याचा दाखला घेऊन पैसे मोकळे करू नयेत. दहा वर्षांनी किती क्षेत्र, किती दाट उभं आहे ते पाहून करावेत. गवत असलेल्या जागी तिवर लावायला सरसकट बंदी हवी. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ‘मिष्टी’ योजना सुमारे ५४० चौरस किलोमीटर तिवरांचं लक्ष्य घेऊन चालली आहे. तिथे ही अट आजच घालता येईल, आणि गुजरातकडे अनुभव असल्यामुळे पुढाकार गुजरातने घ्यावा.

‘पण आपला बडोदेकरांचा काय संबंध?’ हा प्रश्न मी बऱ्याच सुशिक्षित तोंडांतून ऐकला आहे. आपलं कारखान्यांचं सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या एका वाहिनीने सरोदला, महीच्या मुखाशी, सोडलं जातं. त्याच जंबुसर तालुक्यात, जिथे आपण दर्शनाला जातो. शहरातून वाहणारी विश्वामित्री धाधर नदीला मिळते आणि धाधर आखाताला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली, मगरींसकट, तेव्हा नदीकाठच्या कोतरांत, म्हणजे घळींत, तळ्यांत, ओढ्यांत किती भराव टाकला गेला याची चर्चा सुरू झाली. पुराआधी त्याच जागांना ‘पडीक’ म्हणत होते. खाजणालाही कागदोपत्री हेच विशेषण लागतं.

आणि अजून एक मोठा प्रश्न दाराशी आहे: कल्पसर. खंभातच्या आखातावर धरण बांधून आतलं पाणी गोडं करायची ही कल्पना १९८० च्या दशकात मांडली ती आपल्याच विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. अनिल काणे यांनी. सौराष्ट्राची तहान पाहता तिच्यामागची तळमळ खोटी म्हणता येत नाही, आणि एका मराठी बडोदेकराची कल्पना म्हणून आपल्याला तिचा अभिमानही आहे. पण धरणाच्या आत भरती-ओहोटी थांबेल. श्वास घेणारी मुळं कायमची पाण्याखाली गेली की किनाऱ्यावरची तिवरं जगणार नाहीत, आणि त्यांच्या बदल्यात पाच नव्हे पन्नास लावली तरी लावायची कुठे? मही आणि धाधर त्या तळ्यात येणार, म्हणजे सरोदचं तोंडही त्या तळ्यात उघडणार. पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यात. आज भरती दिवसातून दोनदा येऊन आपली घाण वाहून नेते, म्हणून आपण निर्धास्त आहोत.

प्रकल्पाची जनसुनावणी ज्या जिल्ह्यांत काम होतं तिथे होते. या हिशेबाने कल्पसरची भरूच आणि भावनगरला होईल, आणि बडोद्याला कुणी बोलावणार नाही. सांडपाण्याच्या वाटेवरचं शहर म्हणून इथेही एक सुनावणी घ्या, अशी मागणी पर्यावरण मंत्रालयाकडे आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करता येते. विद्यापीठातली वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राची माणसं, इथली मराठी मंडळं आणि सोसायट्यांचे चेअरमन यांच्या सह्यांनी ती जायला हवी, आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा मसुदा निघायच्या आत.